आधी नाक झिजतं

१

नाणं हातातून हातात द्यायचं नसतं. विकणाऱ्याने ते कापडावर ठेवायचं, आपण कापडावरून उचलायचं, पाहून झालं की पुन्हा कापडावर ठेवायचं, आणि मग त्याने उचलायचं. नाण्यांच्या नादी लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जातं. कारण अगदी व्यवहारी आहे. दोन हातांच्या मधे नाणं निसटलं आणि कडेला खोक पडली, तर ते कुणाच्या हातून पडलं यावरून जन्माचं वैर होतं. म्हणून मधे कापड. दुसरा नियम असा की नाणं कडेने धरायचं, तोंडावर बोट टेकवायचं नाही. हे दोन नियम माझ्या अंगात इतके मुरलेत की मी घरात बशीसुद्धा कडेने धरतो. बायको म्हणते, माणसांशीही तुम्ही असेच कडेकडेने वागता.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांची नाकं आणि कान मापतो आणि सुट्टीला नाणी पाहतो. बाकीचे लोक चकचकीत नाण्यांच्या मागे असतात, मला मात्र झिजलेली आवडतात. जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. अशा चकतीवर उजेड तिरपा पाडायचा, भिंग लावायचं आणि उरल्यासुरल्या रेघेवरून हे कधीकाळी काय होतं ते ओळखायचं, यात माझा रविवार मजेत जातो. झीज नियमाने चालते. जे सगळ्यात उंच असतं ते आधी जातं. समोर पाहणारा चेहरा कोरलेला असेल तर आधी नाक झिजतं, मग भुवया, मग गाल आणि ओठ. केसांची कड आणि हनुवटीखालची खोलगट जागा शेवटपर्यंत तग धरते. आणि एकदा झालेली झीज भरून येत नाही. या छंदात छातीठोकपणे सांगता येईल असं एवढंच आहे.

वर्षातून एकदा आमचं मोठं प्रदर्शन भरतं. एकमेकांत उघडणारी तीन दालनं, टेबलांच्या रांगा आणि प्रत्येक टेबलावर वाकलेल्या पाठी. बायको दर वर्षी माझ्याबरोबर येते. नाण्यांसाठी नव्हे, माझ्यावर लक्ष ठेवायला. ती शाळेत भूमिती शिकवते. दुसऱ्या दालनाच्या भिंतीलगत खुर्च्या मांडलेल्या असतात, तिथे ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसते. तिच्या आजूबाजूला अशाच कुणाकुणाच्या बायका आणि नवरे पेंगत असतात. त्या रांगेला तिने ‘सोडून दिलेल्यांची रांग’ असं नाव ठेवलंय.

तिच्या नाकाबद्दल सांगायलाच हवं. सरळ, लांब, मधे उंच हाड असलेलं नाक आहे. आमच्या लग्नात मंडपात आधी नाक आलं आणि मागून ती आली, असं मी सगळ्यांना सांगतो आणि तीही ऐकून घेते. पण चष्मेवाल्याला विचाराल तर असं नाक स्वप्नात येतं. त्यावर ठेवलेली फ्रेम जागची हलत नाही. मागच्याच आठवड्यात मी तिला नवा चष्मा बसवून दिला होता आणि माझ्याच कामावर खूश होऊन बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिलो होतो.

२

तिसऱ्या दालनात मी जेवणाच्या आधी पोचलो. प्रदर्शनात एक ठरलेला आवाज असतो. प्लॅस्टिकच्या पाकिटांची चुरचुर, खुर्च्या सरकणं, हजार माणसांचं हळू आवाजात घासाघीस करणं. अगदी शेवटच्या रांगेच्या टोकाला गेलो तेव्हा तो आवाज मागे राहिला. तिथे माल ठेवायच्या खोलीचं दार होतं आणि दाराशेजारी एक टेबल. टेबलावर दिवा नव्हता. नाणी विकणारा माणूस एक वेळ नाणी विसरेल, दिवा विसरत नाही, म्हणून मी थांबलो.

मागे एक वयस्क माणूस बसला होता. पुढ्यात उथळ लाकडी पेटी होती आणि पेटीत सगळी झिजलेली नाणी. नुसती झिजलेली नव्हे, साफ गुळगुळीत. एकावरही काही नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी एकेक न्याहाळत होतो तेवढ्यात माझ्या खांद्यामागे ओळखीचा खोकला ऐकू आला. आमच्यातले एक वकील आहेत. तेही झिजलेल्या नाण्यांचे शौकीन. मित्र आहेत, पण माझ्या हातातोंडाशी आलेली किती नाणी त्यांनी उचलली असतील याची गणती नाही. ते वाकून पेटीत पाहू लागले. त्याच वेळी त्या माणसाने पेटीतून एक नाणं काढलं आणि दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं.

कापड होतं. मी पाहिलं होतं, तपकिरी कापड होतं. पण ते नाणं कापडावर ठेवलं असतं तर वकिलांचा हात आधी पडला असता. मी सरळ त्याच्या बोटांतून ते घेतलं.

नाणं कोमट होतं. एरवी धातू हाताला गार लागतो. बराच वेळ त्याच्या मुठीत असेल, असं मी मनाशी म्हटलं. किंमत त्याने अगदीच किरकोळ सांगितली, मी दिली, आणि त्याने लगेच पेटीवर झाकण लावलं. त्याला तेवढाच धंदा करायचा होता की काय कोण जाणे.

“हातातून घेतलंत?” वकिलांनी विचारलं.

मी म्हटलं, तुमच्या भीतीने. ते हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. त्या माणसाच्या मागे खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, तिकडे पाहत होते. मग निघून गेले.

३

घरून आणलेला डबा आम्ही खुर्च्यांवरच बसून खाल्ला. पोरांनी यंदा काय काय दिवे लावलेत ते ती सांगत होती आणि बोलता बोलता बोटाने चष्मा वर सरकवत होती. एकदा, दोनदा. पुन्हा थोड्या वेळाने. मी घास खाली ठेवला. मी बसवलेला चष्मा घसरतो म्हणजे काय?

“उकडतंय इथे, घाम आला असेल,” ती म्हणाली.

माझ्या खिशात बारकी पक्कड नेहमी असते. मी तिचा चष्मा काढून नाकावर टेकणारी दोन्ही पॅड जवळ घेतली आणि परत घालून दिला. बरोबर बसला. मी तिला म्हटलं, तुझ्या नाकाचं वजन कमी झालेलं दिसतंय. ती म्हणाली, तुमच्याबरोबर राहून आणखी काय होणार.

ती पुन्हा पेपरांत शिरली. मी नवं नाणं काढलं. खिडकीचा उजेड तिरपा येत होता, मी भिंग डोळ्याला लावलं. काठाकडून सुरुवात करायची असते, कारण जे उरतं ते काठाशी उरतं. काठाशी काही नव्हतं. केसांची कड नाही, गळ्याची रेघ नाही. मधे मात्र एक छोटा उभा उंचवटा होता.

मी नाणं फिरवलं. उजेड दुसऱ्या बाजूने घेतला. उंचवटा तिथेच होता. सरळ, लांब, मधे किंचित उंच. दोन बारीक नाकपुड्यासुद्धा होत्या.

ते नाक होतं. सगळा चेहरा झिजून गेला होता आणि फक्त नाक शाबूत होतं.

हे होऊ शकत नाही, हे मला इतकं ठाऊक होतं की मी घाबरलोसुद्धा नाही, चिडलो. कुणीतरी नंतर धातू वितळवून चढवलं असणार. नकली माल करणारे काहीही करतात. मी कडेने नाणं फिरवून जोड शोधला. जोड कुठेच नव्हता. सकाळी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात माझी नजर चुकली असेल, असं ठरवून मी नाणं पाकिटात घातलं. पण दिवसभर मापं घेणारा माणूस आहे मी. एवढा उंचवटा माझ्या नजरेतून सुटत नाही.

समोर तिने पुन्हा चष्मा वर सरकवला.

४

दुपारी मी कुठल्या टेबलावर काय पाहिलं ते आठवत नाही. थोड्या थोड्या वेळाने मी खांबाआड जायचो आणि पाकीट काढायचो. नाकानंतर भुवया आल्या. मग गालांची हाडं. झीज ज्या क्रमाने खाते, त्याच क्रमाने ते नाणं भरत होतं. प्रत्येक वेळी मी स्वतःशी वाद घालत होतो. माणसाचा डोळा ढगातसुद्धा चेहरे शोधतो, भिंतीच्या ओलीतही शोधतो. मी दुकानात लोकांना हेच सांगतो. मनात जे असतं ते दिसतं, पण माझ्या मनात काय होतं ते मला कळत नव्हतं.

मग हनुवटी आली. हनुवटीच्या खाली डावीकडे एक आडवी बारीक रेघ होती. बायको लहानपणी झोक्यावरून पडली होती, तेव्हा टाके पडले होते. तिची खूण तिथेच आहे.

मी वकिलांना शोधून काढलं. त्यांच्यापुढे काही बोललो नाही. एका रिकाम्या टेबलावर माझा रुमाल पसरला, त्यावर नाणं ठेवलं आणि म्हटलं, बघा बरं. त्यांनी कडेने उचललं आणि भिंग लावलं.

“झिजलेलं कुठे आहे हे?” ते म्हणाले. “एकूण एक केस दिसतोय. कोण बाई आहे ही? पाहिल्यासारखी वाटते.”

त्यांनी नाणं रुमालावर ठेवलं, एकदम हात मागे घेतला आणि दूर खुर्च्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“परत करून टाका,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता.”

मी विचारलं, तुम्हाला काय माहीत आहे? ते म्हणाले, काही माहीत नाही. त्या टेबलावरून मी कधी काही घेतलेलं नाही, एवढंच. दर वर्षी ते तिथे असतं. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता आणि कोर्टात घसा फोडणारा हा माणूस हळू आवाजात बोलत होता, याचीच मला जास्त भीती वाटली.

जाता जाता मी बायकोपाशी थांबलो. मला वाटलं, एकदा नीट पाहावं म्हणजे हा सगळा खुळेपणा जाईल. ती पेपरांवर वाकली होती आणि चष्मा तिने हाताने धरून ठेवला होता. मी हाक मारली. तिने मान वर केली. दिव्याचा उजेड मागून येत होता, म्हणून नीट दिसलं नसेल. तिची कड दिसत होती, केस, कान, गळा. मधे सगळं सपाट आणि उजळ होतं.

“काय झालं?” तिने विचारलं. आवाज तिचाच होता, रोजचा.

मी म्हटलं, काही नाही, आलोच.

५

तो माणूस तिथेच होता. पेटी झाकलेली आणि दोन्ही हात झाकणावर. मी नाणं पाकिटातून काढून त्याच्या तपकिरी कापडावर ठेवलं. म्हटलं, हे नको, परत घ्या, पैसे ठेवून घ्या. त्याने हात हलवला नाही.

“कापडावरचं मी उचलत नाही,” तो म्हणाला. “हातात द्या.”

“सकाळी तुम्ही मला हातात दिलंत.”

“तुम्ही हातात घेतलंत.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थट्टाही नव्हती. दुकानदार गिऱ्हाइकाला समजावतो तसं त्याने मला समजावलं. सकाळी हे नाणं कुणालाही नको होतं. आता तयार झालंय. आता तुम्ही म्हणाल त्या किमतीला घेतो, तोंडाला येईल तो आकडा सांगा. फक्त हातात द्या. त्याने पंजा पुढे केला. चष्मेवाल्याची नजर वाईट. त्याच्या बोटांच्या टोकांवर एकही रेघ नव्हती.

मी कबूल करतो, माझा हात पुढे गेला होता. पैशासाठी नाही. ती वस्तू माझ्याजवळ नसली म्हणजे सगळं पूर्वीसारखं होईल, एवढाच विचार डोक्यात होता. मी कापडावरून नाणं उचललं आणि त्याच्या पंजाकडे नेलं.

तेव्हा मागचं दार थोडं आणखी उघडलं. आत स्टुलावर कुणी बाई बसली होती. नीट नेसलेली, केस विंचरलेले, बाहेरगावी निघालेल्या माणसासारखी तयार होऊन बसलेली. दाराचा आवाज झाला तशी ती आमच्याकडे वळली. मी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे पाहायला गेलो, पण तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

“घरी एकटी कशी ठेवणार,” तो म्हणाला. “म्हणून आणतो बरोबर.”

त्या बाईने हात पुढे केला. त्याच्या हाताच्याही पुढे, तळवा वर करून. नाणं कुणाला हवं होतं ते तेव्हा मला कळलं. माझ्या बायकोचा चेहरा दुसऱ्या कुणाच्या मानेवर उद्या बाजारहाट करताना दिसेल, असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. मी मूठ मिटली. पाठमोरा झालो आणि चालू लागलो. मागून कुणी हाक मारली नाही. ते अजूनही हात पसरून बसले असतील असं वाटत राहिलं.

६

इमारतीच्या मागच्या जिन्यात कुणी नव्हतं. सिमेंटच्या खरखरीत पायऱ्या होत्या. मी तिथे बसलो आणि स्वतःला दटावलं की आता डोकं चालव. तिच्याकडून जे गेलं ते या धातूवर आलं. मग इथून काढलं तर तिकडे परत जाईल. कारागिराची अक्कल एवढीच चालते. एका भांड्यातलं दुसऱ्यात गेलं असेल तर परत ओतता येतं.

मी आयुष्यात कुठल्या नाण्याच्या तोंडाला बोट लावलेलं नाही. आता ते पालथं धरून पायरीवर टेकवलं. भिंगाशिवायसुद्धा ती मला दिसत होती. नाक, खूण, ओठांच्या कोपऱ्यातली ती कायमची जराशी नापसंती. मी डोळे मिटून एकदाच घासलं.

आतून ओरडण्याचा आवाज आला.

मी धावलो. रांगेतली माणसं उभी राहिली होती, उत्तरपत्रिका जमिनीवर पसरल्या होत्या. ती दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती. शेजारची बाई तिला पाणी देत होती. मी गुडघ्यांवर बसलो, तिचे हात धरले. तिने ते तोंडावरून हलवले नाहीत. एकदम काहीतरी खरचटलं हो, ती म्हणाली, कुणी दगड फिरवावा तसं. तिच्या बोटांच्या मधून रक्ताची एक बारीक धार मनगटाकडे आली. शेजारच्या बाईने विचारलं, कुठे लागलंय, बघू. बायकोने हात बाजूला केले. त्या बाईने ग्लास माझ्या हातात दिला, आपली पिशवी उचलली आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मी रुमाल तिच्या तोंडावर धरला. परत ओतता येत नव्हतं. जे होतं ते आता फक्त माझ्या मुठीत होतं आणि मी त्यावर ओरखडा पाडला होता. मला रडू येत होतं. ती माझ्या दंडावर थोपटून म्हणाली, अहो, एवढं काही झालं नाही, घरी जाऊ या.

७

परतीच्या बसमधे ती खिडकीशी बसली. रुमाल तिने पदराआड धरला होता. मी एक हात छातीशी धरून बसलो होतो, आतल्या खिशावर. कुणाचा धक्का लागू नये, नाणं पाकिटात घासू नये, एवढंच मला सुचत होतं.

लेकीचा फोन आला. लेक दूर नोकरी करते आणि दर रविवारी चेहरे दाखवून बोलते. बायकोने नेहमीप्रमाणे फोन हात लांब करून धरला. मी अडवणार होतो, पण काय सांगून अडवायचं? लेक आधी ऑफिसातल्या कुणाच्या तरी कागाळ्या सांगत होती. मग मधेच थांबली.

“आई, कॅमेरा पूस ना. तू अगदीच पुसट दिसतेस.”

बायकोने पदराने काच पुसली. पुन्हा धरला.

“नाही गं, अजून तसंच आहे,” लेक म्हणाली. “गंमतच आहे. बाबा नीट दिसतायत.”

बायको हसून म्हणाली, तुझे बाबा आहेतच नीट. मग गाडी हलतेय, नंतर बोलू, असं सांगून तिने फोन ठेवला. पुढचा सगळा वेळ ती खिडकीबाहेर पाहत होती. खिडकीच्या काचेत बसमधले दिवे दिसत होते, मी दिसत होतो, पुढच्या बाकावरच्या माणसाची टोपी दिसत होती.

८

सकाळी दुकान उघडायच्या आधी तीच म्हणाली, माझे डोळे तपासा. पदर तिने डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. रात्रभर मी कापसाची घडी केलेल्या डबीत ते नाणं ठेवून शेजारी बसलो होतो. डॉक्टरकडे जाऊ असं तिला म्हणालो होतो. ती म्हणाली, काय दुखतंय म्हणून सांगू? तिला कुठेच दुखत नव्हतं. ओरखडासुद्धा भरत आला होता.

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि समोरच्या भिंतीवरचा तक्ता लावला. तपासणीची फ्रेम जड असते. ती टेकायला काही मिळेना, म्हणून मी मागून फीत बांधली. माझ्या बोटांना तिच्या चेहऱ्याची सवय आहे. ती सवय जिथे जिथे गेली तिथे काही सापडत नव्हतं. मी तोंडाने शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, ती वाजली नाही.

तिने वरच्या मोठ्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली. खालची ओळ, त्याखालची. शेवटची ओळ माझ्या दुकानात फार थोडे लोक वाचतात, ती तिने न अडखळता वाचली आणि वर सांगितलं की त्यातलं मधलं अक्षर छापताना तिरकं झालंय. मी जवळ जाऊन पाहिलं. खरंच झालं होतं.

“म्हणजे डोळे चांगले आहेत,” ती म्हणाली.

तिने हात लांब करून काउंटरवरचा गोल आरसा ओढून घेतला. गिऱ्हाइकं नवी फ्रेम घालून त्यात पाहतात. त्यात ती बराच वेळ पाहत राहिली.

“मागचं घड्याळ दिसतं,” ती म्हणाली. “त्याचा काटासुद्धा दिसतो. तुम्ही दिसता, दाढी केलेली नाही तेही दिसतं. मी तेवढी दिसत नाही.”

आयुष्यभर मी लोकांना नजर दिली, हीच माझी कमाई. मी खण उघडला, भिंगांच्या पेटीतून सगळ्यात चुकीची जोडी काढली आणि दोन्ही खाचांत सरकवली. हात स्थिर ठेवले.

“नंबर वाढलाय तुझा,” मी म्हणालो. “होतं असं या वयात. आता पाहा.”

तिने तक्त्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे, दाराकडे, माझ्याकडे. शेवटी आरशात पाहिलं.

“आता सगळंच अंधुक आहे,” ती म्हणाली.

“त्रास होतोय का?”

“नाही. आता बरं वाटतंय. मघाशी मी एकटीच होते.” तिने माझा हात चाचपून धरला. “हाच करून द्या मला. आणि पुन्हा तपासू नका.”

मी हो म्हणालो. म्हणालो, फ्रेम कुठली घेणार, या नाकाला काहीही शोभतं. जुनीच थट्टा होती, तोंडातून निघून गेली आणि मी जागच्या जागी गार पडलो. तिचे खांदे हलले. गळ्यातून तो ओळखीचा, जरासा नापसंतीचा आवाज आला.

ती हसली असावी.